शब्बाथचा दिवा नागपूरच्या सूर्यास्तावर लावावा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ज्यू सणवार आणि शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्रीपर्यंतचा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस, यांच्या वेळांबाबत नागपूरकरांच्या हातून सहज होणारी एक चूक आपल्या पत्रातून मांडावीशी वाटते.

शुक्रवारी संध्याकाळी दिवा लागला की ज्यू घरात शब्बाथ सुरू होतो. दिवा सूर्यास्ताच्या १८ मिनिटे आधी लावायचा, हा सर्वसाधारण रिवाज. महाराष्ट्रातला बेने इस्राएल हा मराठी बोलणारा ज्यू समाज मुख्यतः मुंबई, ठाणे, पुणे आणि कोकणात असल्यामुळे हाती येणारा वेळांचा तक्ता बहुतेक वेळा मुंबईचा असतो. तो जसाच्या तसा नागपुरात भिंतीला लावला, की घोटाळा झालाच. मुंबई ७२.९ रेखांशावर आहे, नागपूर ७९.१ वर. एका अंशाला चार मिनिटे धरली तर आपल्याकडे सूर्य सुमारे २५ मिनिटे आधी मावळतो. शिवाय नागपूर दोन अंश उत्तरेला असल्याने हा फरक जूनअखेरीस २१ मिनिटांवर येतो आणि डिसेंबरअखेरीस २९ पर्यंत जातो. आता त्यातून १८ वजा करा. मुंबईच्या वेळेवर काडी ओढली, तेव्हा नागपुरात सूर्य मावळून जूनमध्ये तीन आणि डिसेंबरमध्ये अकरा मिनिटे उलटलेली असतात. शब्बाथला आग पेटवणे वर्ज्य आहे. म्हणजे ज्या दिव्याने शब्बाथचे स्वागत करायचे, त्यानेच तो मोडतो. मोबाइलवर वेळा पाहणाऱ्यांनीही शहर मुंबईच राहिले नाही ना, हे एकदा तपासावे.

नोव्हेंबरअखेरीस नागपुरात सूर्यास्त साडेपाचच्या सुमारास होतो. दिवा सव्वापाचच्या आत लागला पाहिजे आणि त्याआधी स्वयंपाक, अंघोळ उरकायला हवी. सहाला सुटणाऱ्या कार्यालयातल्या ज्यू कर्मचाऱ्याने हिवाळ्यात शुक्रवारी लवकर जाऊ देण्याची विनंती केली, तर ती यासाठी असते. ती सवलत मागायची त्याला लाज वाटू नये, एवढे तरी आपण करू शकतो.

दिव्याचेही नागपुरात वेगळे तंत्र आहे. काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर खोबरेल तेल आणि त्यात वात, ही बेने इस्राएली घरांतली जुनी पद्धत कोकणच्या हवेला साजेशी. खोबरेल तेल २४ अंशांच्या खाली गोठू लागते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत वातीजवळचे तेवढे वितळते, कडेचे पांढरे घट्ट राहते आणि वात उपाशी विझते. अशा वेळी तिळाचे तेल वापरावे, शास्त्राला ते चालते. उन्हाळ्यात त्रास कूलरचा. झोत थेट ज्योतीवर येणार नाही अशी जागा आधीच ठरवावी, टाकीत पाणी भरून ठेवावे आणि कूलर दिव्याच्या आधीच सुरू करावा. एकदा शब्बाथ लागला की दिवा हलवता येत नाही, विझला तर पुन्हा लावता येत नाही आणि कूलरचे बटणही दाबता येत नाही.

किद्दुशसाठी, म्हणजे प्याला हाती घेऊन म्हणायच्या शब्बाथच्या प्रार्थनेसाठी, द्राक्षरस नसेल तर काळ्या मनुकांचे सरबत करतात. मनुकांना तेल लावलेले असते, म्हणून आधी कोमट पाण्यात चोळून धुवाव्या. एक वाटी मनुकांना दोन-अडीच वाट्या पाणी घालून रात्रभर भिजवावे, सकाळी त्याच पाण्यात कुस्करून स्वच्छ फडक्यातून गाळावे. पाणी वाढवत नेण्याचा मोह टाळावा, मनुका पाण्याच्या सहाव्या हिश्शाहून अधिक हव्याच. दाबल्यावर रस सुटत नाही अशा वाळून खडखडीत झालेल्या मनुका या कामाच्या नाहीत. प्याल्यात निदान ८६ मिलिलीटर सरबत मावले पाहिजे. हे सारे शुक्रवारी दिव्याआधी व्हावे, कारण शब्बाथला फळ पिळणेही वर्ज्य. आणि मे महिन्यात सरबत फ्रिजबाहेर ठेवू नये, दुपारपर्यंत आंबते.

शनिवारी शब्बाथ संपतो तो सूर्यास्ताला नाही, तीन तारे दिसल्यावर. सूर्य क्षितिजाखाली साडेआठ अंश जाणे हे गणित धरले, तर नागपुरात त्याला सूर्यास्तानंतर ३३ ते ३७ मिनिटे लागतात. मग हवदाला, म्हणजे शब्बाथला निरोप देण्याचा विधी, होतो. मुंबईचा तक्ता इथे उलटी चूक करतो, उगाच वीस-पंचवीस मिनिटे थांबवतो. शब्बाथला त्याने बिघडत नाही. पण योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा उपास सुमारे २५ तासांचा, पाण्याचा थेंबही न घेता करायचा असतो. त्यात मधुमेही किंवा वयस्कर माणसाला ही वाढीव मिनिटे जड जातात. अर्थात ज्याच्या जिवाला धोका आहे त्याने उपास करूच नये, असे धर्मशास्त्रच सांगते.

तारखांचा गोंधळही सूर्यास्तामुळेच होतो. ज्यू दिवस संध्याकाळी सुरू होतो, दिनदर्शिकेत मात्र दुसऱ्या दिवसाची तारीख छापतात. २०२५ मध्ये योम किप्पूर २ ऑक्टोबरला, म्हणजे आपल्याकडे दसऱ्याला आणि दीक्षाभूमीवरच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आला. उपास सुरू झाला तो १ तारखेच्या सूर्यास्तापूर्वी. दरवर्षी तारीख का सरकते, हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागू नये. ज्यूंचाही महिना चांद्र आहे, १९ वर्षांत ७ अधिक महिने येतात. आपला अधिक महिना बदलता असतो, त्यांचा मात्र ठरलेला, अदार.

दहा प्रौढ पुरुष जमल्याशिवाय तोरा या धर्मग्रंथाचे जाहीर वाचन आणि कद्दीश ही प्रार्थना होत नाही. मात्र दिवा, किद्दुश आणि हवदाला एकट्या घरातही पूर्ण होतात. म्हणूनच लहान वस्तीला अचूक वेळेची गरज जास्त. आपल्या शुक्रवारच्या अंकात नागपूरचा त्या दिवसाचा आणि शनिवारचा सूर्यास्त छापलात तर ही अडचण दूर होईल. रमजानचा उपास आणि सायंपूजा करणाऱ्यांनाही ती ओळ उपयोगी पडेल.

शेजाऱ्यांकडून वारंवार येणारा प्रश्न म्हणजे ज्यू पाहुण्याला काय द्यावे. शाकाहारी पदार्थ आपोआप कोशेर, म्हणजे ज्यू आहारनियमांत बसणारा, होत नाही, भांडी आणि चीजमधले रेनेट (दूध विरजवणारे, बहुधा जनावराच्या जठरातले द्रव्य) आडवे येते. मासा हवाच असेल तर खवले आणि पर असलेला, म्हणजे रोहू, कतला. मागूर आणि झिंगे नाहीत. तोही त्यांच्याच भांड्यात शिजलेला असावा. त्यापेक्षा संत्री द्या, अख्खी, न सोललेली.

आपला,
एक वाचक, नागपूर