काकांच्या लघवीच्या रिपोर्टबद्दल

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

काल फोनवर तुझा आवाज ऐकला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. काकांच्या लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, क्लेबसिएला नावाचा जंतू निघाला, बहुतेक औषधांपुढे 'आर' (रेझिस्टंट, म्हणजे ते औषध त्या जंतूवर चालत नाही) लिहिलेलं, आणि तू विचारलंस, "आता उरलं काय?" असाच कागद आईच्या वेळी माझ्या हातात होता.

काकांना ताप नाही, थंडी नाही, ओटीपोटात दुखत नाही, बोलणं नेहमीसारखं आहे. मग जंतू तिथे नुसते राहताहेत, त्यांनी काकांना आजारी पाडलेलं नाही. काकांना आहे तसा कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, 30 दिवस राहिला की जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतात. नळीला ते चिकट थर धरतात, त्यात औषध नीट पोचत नाही. उगाच औषध दिलं की कच्चे जंतू मरतात, चिवट उरतात. मी नेमकं हेच घडवलं रे. आईची लघवी गढूळ दिसली की जुन्याच चिठ्ठीवर गोळ्या आणायचो. असं तीनदा केलं. पुढे तिला खरंच ताप भरला, तेव्हा तोंडाने घ्यायचं एकही औषध लागू पडेना. शेवटी मेरोपेनेम हे जबर अँटिबायोटिक शिरेतून, दर 8 तासांनी. रात्री सलाईनकडे बघत बसायचो आणि त्या तीन चिठ्ठ्या आठवायच्या. अजून सलतात.

म्हणून डॉक्टरांना विचार, लक्षणं नसताना औषध हवंच का? आणि नळी तरी अजून लागते का? मात्र म्हातारपणी ताप येईलच असं नाही. काका अचानक असंबद्ध बोलू लागले, सुस्तावले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठ. तेव्हा कल्चर जुनी नळी बदलून, नवीन नळीतूनच घ्यायला सांग. पिशवीतली लघवी नको.

पिशवी कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नको. ती रिकामी करताना तोटी भांड्याला लागू देऊ नका. हात आधीही धुवायचे, नंतरही. हातमोजे घातले तरी. काकांचं करायला येणाऱ्या ताई दुसऱ्या रुग्णाकडेही जातात ना? त्यांना हे समजावून सांग, पण दोष देतोयस असं वाटू देऊ नकोस.

आणि नातवंडांना काकांजवळ फिरकू देत नाहीस म्हणालास, ते आजच थांबव. धडधाकट मुलांना जवळ बसल्याने सहसा काही होत नाही. हात धुऊन खुशाल बसू देत त्यांच्या उशाशी. रविवारी मीही येतो.

तुझाच