बाटलीत काय आहे, तेवढं कळू द्या : कृषिमंत्र्यांना खुले पत्र

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. हे पत्र अनुदानासाठी किंवा कर्जमाफीसाठी नाही. कृषी सेवा केंद्राच्या फळीवर ‘टॉनिक’ या नावाखाली जे विकलं जातं, त्याबद्दल आहे.

संजीवकांशी, म्हणजे झाडाची वाढ कमी-जास्त करणाऱ्या द्रव्यांशी, माझं भांडण नाही. थॉम्पसन जात असो की आमच्याच तालुक्यात निवडलेली तास-ए-गणेश, जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड या संजीवकाशिवाय मणी निर्यातीच्या मापाला येत नाही. घड पोपटी असताना दहा पीपीएमची फवारणी, म्हणजे शंभर लिटर पाण्याला एक ग्रॅम. पुढे मणी बाजरी-ज्वारीएवढा झाला की वाढत्या मात्रेच्या बुडवण्या. पावडर आधी अल्कोहोलात विरघळवायची, बोअरचं पाणी अल्कधर्मी असेल तर सामू (पीएच) साडेपाच-सहापर्यंत उतरवायचा. मात्रा चुकली तर घड गेला, म्हणून ग्रॅमाग्रॅमाचा हिशोब ठेवतो.

त्याच बागेच्या कडेला गांडूळखताच्या अर्काचा दोनशे लिटरचा ड्रम असतो. चांगलं कुजलेलं गांडूळखत गोणपाटात बांधून पाण्यात सोडायचं, माशांच्या टाकीला लावतात तसल्या पंपानं दिवस-दीड दिवस हवा द्यायची आणि त्याच दिवशी वेलीच्या मुळाशी ओतून आळवणी करून टाकायची. वीज गेली, हवा थांबली की ड्रमाला घाण वास सुटतो. तो अर्क बागेला नको. यातून ह्युमिक द्रव्यं, थोडी अन्नद्रव्यं आणि जिवाणू मिळतात. ऑक्झिन, सायटोकायनिनसारखी वाढीची द्रव्यंही अल्प प्रमाणात असतात, पण ती खतागणिक बदलतात. अर्कानं मण्याची फुगवण होते असं कुणी सांगितलं तर मी मान डोलावत नाही. पांढरी मुळी मात्र चांगली सुटते, हे माती उकरून पाहिलंय.

अडचण आहे ती या दोन्हींच्या मधल्या बाटलीची. मागे एका दुकानातून समुद्री शेवाळाचा अर्क आणला. बाटलीवर हिरवं पान, ‘शंभर टक्के सेंद्रिय’, आणि बिल मागितलं तर कच्ची चिठ्ठी. फवारणीनंतर आठवड्याच्या आत शेंड्याची पेरं अशी लांबली की बाग बघायला आलेल्या शेजाऱ्यानंच विचारलं, “जीए मारलंस काय?” शेवाळानं पेर एवढं ताणत नाही. आत काय होतं हे सिद्ध करायला माझ्याकडे प्रयोगशाळा नाही.

कायदा नाही असं नाही. २३ फेब्रुवारी २०२१ ला जैव उत्तेजकं, म्हणजे शेवाळ अर्कासारखी ही टॉनिकं, खत नियंत्रण आदेशाखाली आली. जीए आणि वेलीची वाढ रोखणारं सीसीसी ही संजीवकं कीटकनाशक कायद्याखाली, वेगळ्या नोंदणीची. जैव उत्तेजकांच्या तात्पुरत्या नोंदणीची मुदतही जून २०२५ मध्ये संपली. देशात अशी सुमारे तीस हजार उत्पादनं खुलेआम विकली जात होती, हे केंद्रीय कृषिमंत्र्यांनीच सांगितलं. कागदावर दोन कायदे वेगळे. दुकानात दोन्ही माल एकाच बाटलीत असला तर ओळखायचं कुणी?

भुर्दंड मात्र बागायतदारालाच. २०१० साली क्लोरमेक्वाटच्या, म्हणजे सीसीसीच्या अंशावरून आपली द्राक्षं युरोपात अडकली. तेव्हा सीसीसी निदान आम्ही माहीत असून मारत होतो. आता ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षबागांच्या सरकारी नोंदणीत, नोंदलेल्या प्लॉटचा नमुना तपासणीला जातो आणि त्यात न मारलेलं औषध निघालं, तर आम्ही कुणाकडे बोट दाखवायचं?

म्हणून मागणी एवढीच. गुणवत्ता नियंत्रण निरीक्षकांनी टॉनिकचा नमुना काढताना लेबलवरचा घटक भरतो का एवढ्यावर थांबू नये. लेबलवर न लिहिलेलं जीए, सीसीसी, सिक्स-बीए यांसारखं संजीवक आत आहे का, हेही तपासावं. निकाल कंपनीच्या आणि बॅचच्या नावानिशी तालुका कृषी कार्यालयाच्या फळ्यावर लागावा.

जोडीला मांजरीचं द्राक्ष संशोधन केंद्र, कसबे डिग्रजचं हळद केंद्र आणि पाडेगावचं ऊस केंद्र यांना आमच्याच मातीत गांडूळखताच्या अर्काच्या चाचण्या घ्यायला सांगा. अर्क किती, कधी, आणि त्यानं संजीवकाची मात्रा खरंच कमी करता येते का? येत नसेल तर तसंही छापा, आमचे कष्ट वाचतील. अर्धकच्च्या शेणखतात गूळ घालून अर्क आंबवणारे आणि तोच भाजीपाल्यावर फवारणारे आहेत. त्यात रोगकारक जिवाणूही वाढू शकतात, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

आमच्याकडे गोडी छाटण्या, म्हणजे फळासाठीच्या छाटण्या, सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतात. नमुने जुलै-ऑगस्टमध्ये काढले, तर निकाल खरेदीच्या आधी हातात पडेल.

आपला,
तासगाव तालुक्यातील एक द्राक्ष बागायतदार