लेझीम खेळणारे लाखभर? मोजले कुणी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या सांगली जिल्ह्यात लेझीम खेळणारे ‘लाखभर तरी असतील’ असं गेल्या महिन्यात एका कार्यक्रमात व्यासपीठावरून सांगितलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी तो आकडा ठळक अक्षरांत छापूनही आला. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २८ लाख २२ हजार १४३ भरली होती. म्हणजे पाळण्यातल्या पोरापासून काठी टेकणाऱ्या म्हाताऱ्यापर्यंत दर अठ्ठावीस जणांत एक लेझीमवाला. असेलही. पण मोजलं कुणी आणि कसं, हे विचारावंसं कुणालाच वाटलं नाही.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. १९९१, २००१ आणि २०११ अशा तीन जनगणनांना घरोघर फिरलोय. त्या कामात धसका एकाच गोष्टीचा असतो: माणूस सुटायला नको आणि दोनदा यायलाही नको. २०११ ला २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघर माणसं मोजली, मग १ ते ५ मार्च पुन्हा त्याच दारांत सुधारणा फेरी केली, ती याचसाठी. लेझीमच्या बाबतीत ही काळजी कुणी घेत नाही. एकच पोरगा शिवजयंतीला खेळतो, यात्रेच्या छबिन्यात (देवाच्या पालखीच्या मिरवणुकीत) खेळतो, विसर्जनाला खेळतो आणि शेजारच्या गावात मावसभावाच्या वरातीतही. चार बातम्यांत त्याची चार माणसं होतात. हलगी, घुमकं आणि कैताळ ही वाद्यं वाजवणाऱ्यांचं तर विचारूच नका. एकच ताफा हंगामात दहा गावांची सुपारी घेतो.

बरं, तालमीत जाऊन लेझीम मोजाव्यात, तर तेही खरं नाही. आमच्या तालमीत खुंट्यांना तीस अडकवलेल्या आहेत. त्यातल्या चारांच्या चकत्या गळाल्यात, आणि उरलेल्या सव्वीसवर पन्नास जण आळीपाळीने हात साफ करतात.

म्हणून मी गावापुरता एक उद्योग केला. यात्रेच्या छबिन्यात पारावर बसून खेळणाऱ्यांची नावं वहीत लिहिली: ५२. मग विसर्जनाच्या मिरवणुकीत पुन्हा लिहिली: ३९. त्यातली २६ नावं आधीच वहीत होती. बेरीज केली तर ९१ होते, आणि बातमीत हाच आकडा गेला असता. प्रत्यक्षात वेगवेगळी माणसं ६५. पण दोन्ही वेळेला घरी बसलेलेही असतीलच की. त्यांचा अदमास असा निघतो: दुसऱ्या वेळच्या ३९ पैकी २६, म्हणजे दोन तृतीयांश माझ्या वहीत सापडले. तेव्हा पहिल्या खेपेला गावातल्या एकूण खेळणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशच मी टिपले असणार. ५२ हे दोन तृतीयांश, तर सगळे मिळून ७८. तळ्यातल्या माशांचा अंदाजही असाच काढतात. काही मासे धरून खूण करून सोडायचे, पुन्हा जाळं टाकायचं आणि खुणेचे किती आले ते बघायचं.

आता यात आमच्या भागाची मेख आहे. खानापूर-आटपाडीकडची निम्मी तरणी पोरं गलाईच्या धंद्यात. सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेली, पण यात्रेला दुकान बंद करून गावात हजर. त्या ५२ मध्ये असे ११ होते. गणपतीला ते येऊच शकत नव्हते, मग त्यांना त्या हिशोबात धरणं चूक. ते वगळून ४१ गुणिले ३९ भागिले २६ केलं तर साडेएकसष्ट येतात. वर गलाईवाले ११. म्हणजे सत्तर-पंचाहत्तर. विसर्जनाला मुलींचं वेगळं पथक होतं, १४ जणींचं. छबिन्यात मुलींना घेतच नाहीत, त्यामुळे त्या या गुणाकारात बसत नाहीत, वेगळ्या लिहिल्यात. (का घेत नाहीत, हे पुन्हा कधीतरी लिहीन.) शाळेतली पोरं धरली नाहीत. पीटीच्या तासाला लेझीम सगळ्यांनाच घ्यावी लागते, मी स्वतः घ्यायला लावलेली आहे.

उद्या सरकारने अर्ज काढून विचारलं तरी आकडा चुकेल, कारण प्रश्न चुकेल. मी शेजारच्या तात्यांना मुद्दाम विचारलं, “तुम्ही लोकनृत्य करता का?” ते म्हणाले, “या वयात नाचू व्हय मास्तर? लोकं काय म्हणतील?” मग विचारलं, “आणि लेझीम?” “ती तर खेळतोच की! परवा छबिन्यात तुमच्याम्होरंच हुतो न्हवं.” आपल्याकडे लेझीम खेळतात, ढोलावरची धनगरी गजीही खेळतात, ‘नृत्य’ हा शब्द स्टेजवरच्या निवेदकाचा. आरेवाडीला बिरोबाच्या यात्रेत ढोलाच्या घाईवर रुमाल उडवणाऱ्या गजीवाल्याला “हा तुमचा छंद का?” विचारून बघा. तो म्हणेल, ही देवाची सेवा आहे. छंदाच्या रकान्यात तो फुली मारेल आणि कागदावर गजी खेळणारं कुणीच उरणार नाही.

मोजलेला आकडा आपल्याकडे नाही असं नाही. २६ जानेवारी २०१४ ला सांगलीत ७,३३८ जण एकाच वेळी लेझीम खेळले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्याचा मला अभिमान आहे. पण त्या सकाळी मैदानावर किती उभे होते, एवढंच त्यातून कळतं. त्यातले आज किती खेळतात, हे त्यातून निघत नाही. आणि लाखाचा आकडा तर त्यातून मुळीच निघत नाही.

हा नुसता आकड्यांचा चोखंदळपणा नाही. त्याच व्यासपीठावरून पुढे म्हटलं गेलं की, एवढे खेळणारे आहेत तर लेझीमला वेगळ्या मदतीची गरज काय? आमच्या तालमीला पंधरा नव्या लेझीम आणि एक दिवा हवाय. लाखाच्या गर्दीत आमची तालीम कुणाला दिसणार?

तेव्हा आपल्या वार्ताहरांनी निदान खेळणारे किती आणि त्यातले गावचे किती, एवढं विचारून लिहावं. आमच्या गावचा माझा आकडा सत्तर-पंचाहत्तर आणि १४ मुली. ज्याला खोटा ठरवायचा असेल त्याने येत्या यात्रेला वही-पेन घेऊन पारावर यावं. छबिना रात्री दहाला निघतो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
ता. खानापूर, जि. सांगली