हाका की मचाण

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, तुमच्या पत्रातल्या प्रश्नाचे उत्तर फोनवर घाईघाईत देणे मला बरे वाटले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. आबा ग्वाल्हेर संस्थानच्या शिकारखात्यात होते, त्यामुळे हरणाची शिकार म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते हे मी जाणते: डबे बडवत, आरोळ्या ठोकत रान उठवणाऱ्या माणसांची लांबच लांब रांग आणि तिच्या समोर, पार दुसऱ्या टोकाला, बंदुका रोखून बसलेली पाहुणेमंडळी. इकडे अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातही असाच हाका घालतात का, आणि घालत नसतील तर हरीण रायफलीच्या टप्प्यात येते तरी कसे, असे तुम्ही विचारले आहे. आईने त्याखाली एकच ओळ लिहिली आहे, की मुळात जीव घ्यायचाच कशाला. मला हे दोन प्रश्न वेगळे वाटत नाहीत. हरीण कोणत्या रीतीने मारले जाते, यावरच ते मारण्याचे समर्थन होऊ शकते की नाही हे पुष्कळसे ठरते, असे माझे मत येथे राहून झाले आहे.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आणि ते योग्यच झाले. शिवपुरीच्या ज्या रानात आबा मचाणे बांधून घेत, ते आज माधव राष्ट्रीय उद्यान आहे, २०२५ मध्ये तर ते व्याघ्र प्रकल्पही झाले, आणि तेथल्या चितळांवर हक्क वाघाचाच असला पाहिजे. विस्कॉन्सिनच्या दक्षिण भागातली परिस्थिती निराळी आहे. येथे मक्याची शेते, ओढे आणि त्यांच्या मधोमध ओकची लहान लहान राने आहेत. लांडगे आहेत ते मुख्यतः राज्याच्या उत्तरेला, त्यामुळे पूर्ण वाढलेल्या हरणाला मारणारे जनावर आमच्या बाजूला जवळजवळ उरलेले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी बाजारासाठी चाललेल्या बेसुमार शिकारीमुळे साऱ्या अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची ही हरणे काही लाखांवर आली होती. पुढे मांसविक्री बंद झाली, शिकारीचे हंगाम ठरले, आणि १९३७ च्या एका कायद्याने रायफली व काडतुसे यांवरचा ११ टक्के केंद्रीय कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला गेला. आज हीच हरणे कोट्यवधींत मोजली जातात. ओकचे रोप जमिनीतून वर आले की खुडले जाते, रस्त्यावर मोटारींना धडकून हरणे तडफडत मरतात, आणि दाटीमुळे रोग पसरतो. म्हणून नोव्हेंबरमध्ये नऊ दिवसांचा रायफलीचा हंगाम असतो आणि त्यासाठी एकट्या या राज्यात पाच लाखांहून अधिक परवाने निघतात.

आता हाक्याविषयी. होय, येथेही हाका घालतात. हंगामाचे पहिले एक-दोन दिवस सरले की बंदुकांच्या आवाजाने बिथरलेली हरणे दाट झुडपांत किंवा दलदलीतल्या गवतात दडून बसतात आणि दिवसा हलत नाहीत. मग एखाद्या शेतकरी कुटुंबातली मंडळी दोन गटांत विभागतात, काही जण रानातून चालत येतात आणि बाकीचे पलीकडच्या मोकळ्या पट्ट्यावर उभे राहतात. ढोल-डबे नसतात, माणसेही आबांच्या काळासारखी शेकड्यांनी नसतात, पण तत्त्व तेच. या पद्धतीबद्दल माझे मत स्पष्टपणे प्रतिकूल आहे. हाक्यातून निघालेले हरीण जिवाच्या आकांताने पळत असते. पळत्या हरणावर काढलेला बार फुप्फुसांऐवजी पोटात किंवा मांडीत बसण्याचा संभव फार मोठा असतो, आणि असे जखमी जनावर कित्येक तास, कधी दिवस दिवस, यातना भोगत फिरते. शिवाय रानात माणसे चालत असताना रायफलीचा उपयोग करणे हेच मुळात धोक्याचे, कारण या काडतुसांची गोळी अडली नाही तर काही किलोमीटर जाऊ शकते. काही जुनी, एकमेकांना ओळखणारी कुटुंबे फार सावकाश, न ओरडता, वळणे घेत चालतात आणि कोणी कोणत्या दिशेला बार काढायचा नाही हे आधी जमिनीवर रेघा ओढून ठरवतात. तेव्हा हरणे पळत नाहीत, चालत आणि मागे बघत बाहेर येतात. अशा हाक्यात शेजाऱ्यांनी बोलावले तर मी चालायला जाते, पण रायफल घरी ठेवून.

कुत्री सोडून हरीण उठवणे दक्षिणेकडच्या काही राज्यांत चालते, येथे त्याला बंदी आहे. मका किंवा सफरचंदे टाकून हरणांना जागेवर बोलावणे आमच्या भागात रोगामुळे मना आहे, आणि ते मना नसते तरी मी केले नसते.

पश्चिमेकडच्या मोंटाना, वायोमिंगसारख्या उघड्या डोंगराळ मुलखात लोक पहाटे उंचावर बसून दुर्बिणीने दऱ्या धुंडाळतात, हरीण दिसले की डोंगराच्या पाठीमागून वळसा घालून त्याच्या जवळ जातात, आणि बार बहुधा दोनशे-तीनशे मीटरवरून काढावा लागतो. त्या अंतरावर वाऱ्याने गोळी किती सरकेल याचा अंदाज चोख असावा लागतो. तो मुलूख सुंदर आहे, पण त्या रीतीचा माझा अभ्यास नाही.

माग काढत चालण्याची रीत मात्र मला मनापासून आवडते आणि ती सर्वांत अवघडही आहे. पाला वाळलेला असेल तर ती शक्यच नसते. पाऊस पडून गेल्यावर किंवा पहिल्या भुरभुरत्या बर्फात, वारा तोंडावर घेऊन, दोन-तीन पावले टाकायची आणि मग चालण्यापेक्षा कितीतरी अधिक वेळ झाडाला टेकून उभे राहायचे. अख्खे हरीण शोधू पाहणाऱ्याला ते कधीच दिसत नाही. साऱ्या उभ्या खोडांमध्ये एखादी आडवी रेघ दिसते, ती त्याची पाठ असते. एखादे पान वाऱ्याशिवाय हलते, तो कान असतो. इतके जवळ जाऊनही बार काढण्याची वेळ क्वचितच येते, कारण उभ्याने, आधाराशिवाय, धडधडत्या छातीने धरलेल्या नेमावर माझा भरवसा नाही. आबांना ही रीत ठाऊक असणार. संस्थानी पाहुण्यांना घेऊन ती करता येत नाही, एवढेच.

तेव्हा बाबा, उरते ते मचाण, आणि माझी पसंती निःसंशय त्यालाच आहे. आमचे मचाण म्हणजे झाडाला घट्ट बांधलेली, जमिनीपासून चार-पाच मीटर उंचीवरची बसकण आणि तिला लावलेली शिडी. त्याची जागा ठरवणे हेच खरे काम आणि ते सप्टेंबरपासून चालते. हरणे दिवसा कोठे बसतात आणि तिन्हीसांजेला कोठे चरायला जातात हे पाहून त्या दोहोंमधली वाट शोधायची. ओकची फळे कोठे पडली आहेत, नराने शिंगे घासून कोणत्या रोपाची साल सोलली आहे, खुरांनी माती कोठे उकरली आहे, हे हिंडून बघायचे. नोव्हेंबर हा त्यांच्या माजाचा काळ असल्यामुळे नर एरवीची सावधगिरी सोडून माद्यांच्या मागे भर दिवसाही फिरतात. पण सगळ्यात मोठी गोष्ट वारा. हरणाचे डोळे चुकवता येतात, कान चुकवता येतात, नाक चुकवता येत नाही. त्यामुळे एकाच वाटेवर दोन मचाणे लागतात, एक पश्चिमेच्या वाऱ्यासाठी आणि एक दक्षिणेच्या, आणि वारा विरुद्ध असेल त्या सकाळी कितीही मोह झाला तरी त्या मचाणावर चढायचे नाही. माझ्याकडे बारीक भुकटीची एक प्लास्टिकची डबी असते. ती दाबली की पांढरा धूर निघतो आणि तो कोणीकडे सरकतो यावरून, चेहऱ्याला जाणवतही नाही इतक्या मंद झुळकीचीही दिशा कळते.

मचाणाचे जे मोठे कारण आहे ते मात्र उंचीचे आहे. वरून खाली काढलेला बार हरणातून आरपार गेला तरी पलीकडच्या मातीत रुततो. सपाट रानात जमिनीवरून काढलेली गोळी कोठे थांबेल हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. दुसरे असे की, मचाणावरच्या माणसाची हरणाला चाहूल नसते. ते चरत, थांबत, आपल्या चालीने येते, आणि ते नर आहे की मादी, पाडस बरोबर आहे का, ते बाजूने उभे आहे का, हे सर्व पाहायला आणि नको असेल तर सोडून द्यायला मला वेळ मिळतो. हा वेळ हाक्यात कोणालाच मिळत नाही, आणि माझ्या दृष्टीने सारा फरक या वेळातच आहे.

रायफल .३०८ विंचेस्टर काडतुसाची आहे, आपल्याकडच्या पोलिसांच्या जुन्या थ्री-नॉट-थ्रीच्या जवळपासची. हंगामाआधी तिचा नेम चांदमारीच्या जागी शंभर यार्डांवर, म्हणजे सुमारे ९१ मीटरवर, लावून घ्यायचा असतो. रानात मात्र माझे अंतर बहुधा त्याच्या निम्मेच असते. बार काढायचा तो हरीण पूर्ण आडवे उभे असताना किंवा किंचित पलीकडे वळलेले असताना, पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या कडेपासून एक तृतीयांश उंचीवर. हृदय आणि फुप्फुसे असलेली ती जागा जेमतेम वीस सेंटिमीटर रुंद, म्हणजे न्याहारीच्या ताटलीएवढी असते. समोरून येणाऱ्या, पाठमोऱ्या किंवा टेकडीच्या माथ्यावर आभाळासमोर उभ्या हरणावर बार काढायचा नाही. श्वास अर्धा सोडून धरायचा आणि चाप हळूहळू दाबत न्यायचा, हिसका द्यायचा नाही. बार झाल्याबरोबर बोल्ट, म्हणजे काडतूस चढवणारा दांडा, मागे-पुढे करून दुसरे काडतूस चढवायचे आणि हरीण ज्या झाडाशी शेवटचे दिसले ते झाड डोळ्यांत धरून ठेवायचे.

त्यानंतर अर्धा तास खाली उतरायचे नाही. नव्या माणसाला हे फार जड जाते. फुप्फुसांत गोळी बसलेले हरीण पन्नास-शंभर मीटर धावून काही क्षणांतच पडते. पण गोळी थोडी मागे बसली असेल आणि आपण लगेच पाठलाग केला, तर आडवे झालेले जनावर पुन्हा उठून कोसभर जाते. अर्ध्या तासाने रक्त पाहायचे. फेसाळ गुलाबी असेल तर फुप्फुस, गडद असेल तर यकृत, आणि त्यात हिरवट चोथा दिसला तर आतडे, म्हणजे पुन्हा कित्येक तास थांबणे आले. पानापानावरचा थेंब शोधत, प्रत्येक थेंबाशी रंगीत फीत बांधत जाणे हे शिकारीतले सर्वांत गंभीर काम आहे, आणि ते अर्धवट सोडणाऱ्याला येथले जुने शिकारी पुन्हा आपल्या रानात येऊ देत नाहीत. मला त्यांचे हे वागणे पूर्ण पटते.

आई, तुझ्या ओळीकडे येते. हरीण सापडले की तेथेच पोट साफ करून मांस थंड करतात, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत नोंदणी करावी लागते, आणि मानेतल्या गाठींचा नमुना तपासणीला देतात, कारण या राज्यात २००२ पासून हरणांना मेंदू पोखरणारा एक रोग आढळत आहे. तो माणसाला झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही, पण रोगट हरणाचे मांस खाऊ नये असाच सल्ला आहे, त्यामुळे अहवाल येईपर्यंत आम्ही त्याला हात लावत नाही. गोळीही मी शिशाची न वापरता तांब्याची वापरते, कारण शिशाचे बारीक कण मांसात दूरवर पसरतात. उरलेले वर्षभर आमच्या घरात हेच मटण शिजते, तुझ्याच पद्धतीने, सुके खोबरे आणि कांदा भाजून. जीव घेतला जातो हे मी नाकारत नाही. शीतपेटीतून आणलेल्या कोंबडीसाठीही तो घेतला जातोच, फक्त तेथे तो दुसरे कोणी घेते. येथे तो मी घेते, आणि म्हणून तो कसा जातो याची जबाबदारी मला दुसऱ्यावर टाकता येत नाही. तुला हे पटावे असा माझा आग्रह नाही.

तुला खरी काळजी माझ्या जिवाची आहे हेही मला कळते. अंगावर आणि डोक्यावर भडक नारिंगी कपडे असतात, ते माणसांना लांबून दिसतात आणि हरणांना तो रंग तसा दिसत नाही. शिडीवर पाय ठेवण्यापूर्वीच अंगावरचा पट्टा झाडाच्या दोराला अडकवलेला असतो. रायफल हातात घेऊन कधीच चढत नाही. ती रिकामी करून, बोल्ट उघडा ठेवून, खाली दोरीला बांधते, वर बसल्यावर ओढून घेते आणि मगच भरते.

बाबा, आबांच्या ज्या वहीत मचाणांच्या नोंदी होत्या असे तुम्ही म्हणालात, ती जिवाजीगंजातल्या माळ्यावरच्या पेटीत असेल तर कृपया शोधून पाहा. वाऱ्याविषयी आणि मचाणाच्या उंचीविषयी त्यांनी काय लिहिले आहे ते मला हवे आहे. मोडीत असेल तर पानांचे फोटो पाठवा, येथे वाचून देणारे एक गृहस्थ आहेत. हंगाम येत्या शनिवारी सुरू होतो. रानात फोन लागत नाही, म्हणून कोणत्या मचाणावर आहे आणि किती वाजता परतणार हे लिहून घरी ठेवीन, आणि तुमच्या रविवारी सकाळी फोन करीन.

तुमची,
लेक