भूपट्टाच्या मधोमध

लातूर,
रविवार रात्र

प्रिय बंड्या,

तुझी अकरा मिनिटांची व्हॉइस नोट दोनदा ऐकली. एकदा शाळेतून येताना बसमध्ये, एकदा रात्री सगळे झोपल्यावर. फोन केला असता तर दोघंही एकदम बोललो असतो आणि शेवटी तू ‘बरं, बघू’ म्हणून ठेवून दिला असतास. म्हणून लिहायला बसलो.

आधी उत्तर देतो: आपण दोघं बनवतोय त्या कॉम्प्युटरवरच्या खेळात तुला जे दिसलं तो बग नाही. तुझी टोळी समुद्रापासून लांब, डोंगरापासून लांब, नदीच्या काठाला सुखानं बसली होती. दगडी घरं नुकतीच बांधून झाली होती. आणि एका डावात निम्मी माणसं गेली. ते मी मुद्दाम टाकलंय. तू म्हणतोस हा खेळाडूवर अन्याय आहे, नियमच कळत नसेल तर डावपेच कसले आखायचे. तुझं चुकत नाही. पण सुट्टीभर मी काय उपद्व्याप केले ते आधी ऐक. तू पडदा बघतोस, त्याच्या खालची जमीन माझ्याकडं आहे.

तू दिलेला पहिला नकाशा आठवतो ना? सपाट. उजवीकडून बाहेर पडलं की डावीकडून आत, वरून पडलं की खालून. मला वाटलं, झाली पृथ्वी. दोन दिवसांनी ध्रुवावर बर्फ टाकायला गेलो तर ध्रुवच सापडेनात. अशी चारी बाजूंनी जोडलेली पृथ्वी गोल नसते लेका, तो मेदूवडा असतो. सगळं फेकून दिलं आणि गोळा घेतला. नकाशासाठी गोळ्याचे छोटे तुकडे, म्हणजे खेळाची घरं, पाडायची तर नुसते षटकोन बसत नाहीत, कितीही बारीक केले तरी बारा पंचकोन उरतातच. आता आपल्या गोळ्यावर 40,962 घरं आहेत. एका घरात साधारण साडेबारा हजार चौरस किलोमीटर. म्हणजे आपला आठ जिल्ह्यांचा मराठवाडा जेमतेम पाच घरांत मावतो. बीडवाल्यांना सांगू नकोस, स्वतंत्र घर मागतील.

गोळ्यावरचा भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा एक अख्खा तुकडा, सरकतो असं आपण म्हणतो, खरं तर तो फिरतो. न मोडणारा कुठलाही तुकडा गोळ्यावर कसाही हलवला तरी ते एका आसाभोवतीचं फिरणंच निघतं, हे ऑयलरनं अठराव्या शतकातच सिद्ध करून ठेवलंय. माझ्या डोक्यात मात्र ते शिरलं आज्याच्या खळ्यामुळं. पात हाकलेली आठवते? मधल्या खांबाजवळचा, मेढीजवळचा बैल जागच्या जागी पाय उचलायचा आणि कडेच्या बैलाची पळून पळून जीभ बाहेर. भूपट्टाचंही तेच. त्याला एकच वेग नसतो. आसाजवळचं टोक रांगतं, लांबचं धावतं. हे कळल्यावर चारशे ओळींचा कोड चाळीस ओळींवर आला. त्याआधी माझे खंड दारू प्यायल्यासारखे तिरपे चालायचे.

मग खरी पीडा सुरू झाली. दर डावाला प्रत्येक घरातली जमीन शेजारच्या घरात ढकलायची, अर्धं घर सरकलं तर सरासरी काढायची, असं मी करत होतो. दोनशे डावांनी बघतो तर खंड गायब! सगळीकडं एकसारखी पातळ जमीन, पाणी जास्त झालेल्या पिठल्यासारखी. दर वेळच्या सरासरीनं कडा विरत गेल्या होत्या. पंधरा दिवस मी चूक समुद्रात शोधत बसलो. शेवटी उलटं केलं. जमिनीचे ठिपके भूपट्टाला कायमचे चिकटवले, फिरवायचा तो भूपट्ट, आणि घरांची जाळी फक्त बघण्यापुरती वरून धरायची. आता खंडाचा आकार चारशे डावांनंतरही ओळखू येतो.

समुद्राचा तळ त्या मानानं गुणी निघाला. दोन भूपट्ट लांब गेले की मधे नवा तळ तयार होतो, वय शून्य. पुढं फक्त वय मोजत राहायचं. जिथं हा तळ तयार होतो त्या कटकापाशी, समुद्रातल्या डोंगररांगेपाशी, खोली अडीच किलोमीटर, त्यात वयाचं वर्गमूळ गुणिले 350 मीटर मिळवायचे, वय दशलक्ष वर्षांत. पहिल्या सत्तरेक दशलक्ष वर्षांपर्यंत खरा समुद्रही साधारण असाच वागतो. थंड होतो, आक्रसतो, जड होतो, खाली बसतो. आणि हा म्हातारा जड तळ गर्तेत, समुद्रातल्या खोल चरात, बुडताना आपल्यामागं अख्खा भूपट्ट ओढत नेतो. मी वर्गात इतकी वर्षं शिकवत आलो की प्रावरणातले, म्हणजे कवचाखालच्या तापलेल्या खडकाच्या थरातले, प्रवाह भूपट्टांना वाहून नेतात, पट्ट्यावरच्या साखरेच्या पोत्यांसारखं. या बुडत्या टोकाच्या ओढीचा वाटा एवढा मोठा असतो हे हिशेब मांडताना कळलं. जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर माफी मागावी की गप्प बसावं, ठरत नाहीये.

डोंगरांनीही छळलं. भारत आशियावर नेऊन आदळला तर हिमालय बावीस किलोमीटर उंच गेला. मी जाडी थेट उंचीत धरली होती. पण खंड प्रावरणावर ओंडक्यासारखा तरंगतो. खंडाची घनता 2.8 आणि प्रावरणाची 3.3 धरली तर वाढलेल्या जाडीतला पंधरा टक्केच भाग वर येतो. जाडी 35 किलोमीटरवरून 70 झाली की उंची वाढते पाच, आणि तीस किलोमीटर मुळासारखे खाली जातात. तिबेटचं पठार बघ, पाच किलोमीटरच्या आसपासच आहे. हे उत्तर जुळलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, सांगायला कुणी नव्हतं. मी एकट्यानं चहा करून घेतला.

आता काळाचा घोळ. खेळाच्या पहिल्या भागात, माणसं यायच्या आधी, एक डाव म्हणजे दहा लाख वर्षं. वर्षाला पाच सेंटीमीटर या आजच्या भारताच्या वेगानं एका डावात पन्नास किलोमीटर. धडकेआधीचा भारत याच्या तिप्पट वेगानं पळत होता, आणि त्याच पळापळीत, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी, त्याच्या अंगावर लाव्हाचे थर चढले. आपण सुरुंग लावून ज्याच्यात विहिरी पाडतो तो काळा पाषाण हाच. इथवर सगळं झकास. पण टोळ्या आल्या की तुझा एक डाव पंचवीस वर्षांचा. दहा हजार वर्षं खेळलास तरी भूपट्ट सरकणार अर्धा किलोमीटर! आपल्या एका घराच्या मानानं ते काहीच नाही. म्हणून माणूस आला की मी भूपट्ट थांबवले आणि त्यांनी मागं ठेवलेलं तेवढं खेळात आणलं. पात्यांसाठी पाषाणातल्या गारगोट्या आणि अकीक, काळी माती, नद्यांची दिशा. गोदावरीचं बघ ना, त्र्यंबकेश्वराला समुद्र ऐंशी किलोमीटरवर, आणि बाई पाठ फिरवून 1,465 किलोमीटर पूर्वेला जातात, कारण पश्चिमेची कड उचललेली. भूकंपाचं तर अगदीच सोपं ठेवलं होतं: भूपट्टाच्या कडेचं घर असेल तर धोका, मधलं असेल तर शून्य.

ही आवृत्ती तुला पाठवणारच होतो. तेवढ्यात आई मागं येऊन उभी राहिली.

“का करायलास रे इतक्या रातच्याला?”

मी कौतुकानं दाखवलं. हे भूपट्ट, ह्या त्यांच्या कडा, लाल आहे तिथं जमीन हलते.

“आन् आपल्याकडं?”

“आपण मधोमध. आपल्याकडं काही नाही.”

ती काही बोलली नाही. जरा वेळ पडद्याकडं बघितलं आणि ‘दिवा बंद करून झोप’ म्हणून गेली.

तिचं माहेर सास्तूरकडचं, तुला माहीतच आहे. आपण पहिलीत होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून सगळे दमून झोपलेले. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. 6.2 क्षमतेचा भूकंप. जवळपास दहा हजार माणसं. नंतर कितीतरी महिने आपण दोघं पत्र्याच्या शेडमध्ये पाढे म्हणत होतो, आणि अजूनही आपल्याकडं कुणाचं वय विचारलं तर ‘भूकंपाच्या आधीचा का नंतरचा’ असं म्हणतात. आणि मी, भूगोलाचा मास्तर, शून्य लिहून मोकळा झालो होतो. किल्लारीपासून हिमालयाची कड हजार किलोमीटरहून लांब आहे रे.

तू म्हणतोस धोक्याचे पट्टे नकाशावर रंगवून दे. तेव्हाही रंगवलेले होते. भूकंपाच्या सरकारी नकाशात आपला भाग पहिल्या पट्ट्यात होता, सगळ्यात कमी धोक्याच्या. 2002 साली तो पहिला पट्टाच काढून टाकला. पुढं किल्लारीला 617 मीटर खोल भोक पाडून बघितलं, तर पाषाण 340 मीटरच्या आसपासच संपला आणि खाली अब्जावधी वर्षं जुना खडक लागला. वरचं काळं पांघरूण सपाट, खालचे जुने व्रण दिसत नाहीत. हिमालयाकडची रेटारेटी अख्ख्या भूपट्टातून आत पोचते आणि अशा एखाद्या व्रणावर कधीतरी सुटते.

म्हणून आता प्रत्येक ठिपक्याला मी एक आकडा जोडलाय, जुन्या शिवणीचा. पहिल्या भागात जिथं खंड कधी फाटायला लागून थांबला किंवा दोन तुकडे सांधले गेले, तिथं तो वाढतो आणि कधीच पुसला जात नाही, वर लाव्हा चढला तरी. कडेचा रेटा आत येताना कमी होत जातो, पण शून्य होत नाही. दोन्हींचा गुणाकार म्हणजे धोका. फार थोडा. मी वीस वेळा खेळलो, त्यात दोनदाच मधल्या जमिनीत मोठा धक्का बसला. तिसरा तुझ्या वाट्याला आला, त्याला मी काय करू?

अन्यायाचं म्हणशील तर दोन गोष्टी तुझ्यासाठी ठेवल्यात. एक, मोठ्या धक्क्याआधी काही डाव ‘जमिनीतून आवाज येतो’ असा निरोप येईल. किल्लारीत 1992 सालीच बारके धक्के आणि आवाज सुरू झाले होते. पण हा निरोप दहापैकी नऊ वेळा फुकट जाणार, त्यामुळं प्रत्येक वेळी टोळी उठवलीस तर उपाशी मरशील. दुसरी घरांची. तू दगडमातीच्या जाड भिंती घेतल्यास कारण त्या थंडीत, उन्हात आणि शत्रूपुढं टिकतात. आपली माळवदं तशीच होती, मे महिन्यात आत शिरलं की गारवा. त्या पहाटे माणसं त्याच भिंतींखाली गेली, आणि कुडाच्या झोपडीतली बरीच वाचली. तुझ्या टोळीतली निम्मी का उरली ते आता बघ: नदीपलीकडं तू कातड्याचे तंबू हलवायला विसरला होतास. ती सगळी जिवंत आहेत.

भिंतीला लाकडाचा सांगाडा घालायची सोय ठेवावी का, यावर तुझं मत हवंय. माझ्या मते ठेवावी, पण लाकूड महाग करावं.

बाकी एक खरा बग आहे, तो तुझा. सेव्ह करून परत उघडलं की नद्या उलट्या वाहतात. काल माझी एक नदी डोंगर चढून समुद्राकडून उगमाला गेली. दिवाळीला येशील तेव्हा लॅपटॉप आण, गच्चीवर बसून बघू. आईला सांगितलंय तू येणार म्हणून, तिनं धपाट्यांचं पीठ आतापासून बाजूला काढून ठेवलंय.

तुझाच,
मास्तर