फवारणीआधी मोजणी कर

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

पऱ्हाटीत, म्हणजे आपल्या कपाशीत, डोमकळ्या (आत अळी असल्याने नीट न उमललेली फुलं) दिसल्या आणि दुकानदाराने तीन औषधं एकत्र करून मारायला सांगितली, हे ऐकल्यापासून मला चैन नाही. बाळा, थांब. गुलाबी बोंडअळी आली हे खरं, पण किती आली ते आधी बघ.

मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या कामगंध सापळ्यांतले पतंग रोज सकाळी मोज. सापळ्यामागे 8 पतंग लागोपाठ 3 दिवस आले, किंवा वावरात फिरून तोडलेल्या 20 हिरव्या बोंडांपैकी 2 बोंडांत अळी निघाली, तरच फवारणीचा विचार. तोवर डोमकळ्या वेचून अळीसकट नष्ट कर.

ही अळी अंड्यातून निघाली की लगेच पातीत (कोवळ्या कळीत) नाहीतर बोंडात शिरते. आत गेली की औषध तिला लागत नाही. मरतात ते बाहेर फिरून किडी खाणारे आपले मित्र: ढालकिडे, क्रायसोपा (जाळीदार पंखांचा कीटक), कोळी. मग मावा आणि पांढरी माशी वाढते नि पुन्हा पंप पाठीवर येतो. म्हणून तिला अंड्यातच गाठायचं. ट्रायकोग्रामा ही मिलिमीटरभरही नसलेली गांधीलमाशी पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालते. त्यातून अळीऐवजी तिचंच पिल्लू बाहेर येतं. मला याचं अजूनही नवल वाटतं! ट्रायकोकार्डाच्या, म्हणजे या माशीची पिल्लं असलेली अंडी चिकटवलेल्या कार्डाच्या, पट्ट्या संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला टाच, आणि त्या दिवसांत विषारी औषध अजिबात मारू नको. निंबोळी अर्क मात्र हाताशी ठेव: 5 किलो कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून, गाळून, 100 लिटर पाण्यात.

बीटी, म्हणजे झाडातच अळीचं विष असलेलं वाण, असून अळी कशी, असं तू विचारलंस. वर्षानुवर्षं तेच ते विष समोर आलं, कडेच्या बिगर-बीटी ओळी कुणी लावल्या नाहीत, आणि फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही ठेवलेली जुनी कपाशी, मार्चपर्यंत उभी राहिली. अळीला ते विष पचायला लागलं.

मोजणीत आकडा ओलांडलाच, तर एकच शिफारशीतलं औषध घे. हातमोजे, तोंडाला मास्क, वाऱ्याच्या दिशेनेच फवारायचं, उपाशीपोटी नाही. 2017 साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधेने माणसं गेली. पीक बुडालं तरी चालेल, तुला काही होता कामा नये.

डिसेंबरअखेर पऱ्हाट्या उपटायच्या. शेजारच्या काकांशी आताच बोलून ठेव, त्यांचं वावर उभं राहिलं तर पतंग तिथूनच आपल्याकडे येतील. उद्याचा सापळ्यांचा आकडा फोनवर सांग.

तुझे बाबा