डब्याला हात तुम्ही लावला नव्हता

पुणे, रविवार दुपार

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, मंगळवारी फोनवर मी तुमच्यावर चिडले. "रात्री राउटरमागचा तो डबा बंद करू नका म्हणून किती वेळा सांगायचं?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "मी हातसुद्धा लावलेला नाही." मी मनात म्हटलं, लावलाच असणार. वळवाच्या पावसात टीव्हीचा बॉक्स जळला तेव्हापासून तुम्ही झोपण्याआधी घरभर फिरून प्लग काढता, हे मला ठाऊक आहे. पण काल खरा घोळ सापडला. चूक माझीच होती. फोनवर कबूल केलं असतं तर "असू दे, असू दे" म्हणत तुम्ही फोन आईकडे दिला असतात, म्हणून लिहून पाठवतेय. शिवाय "तू त्या डब्यात नक्की केलंस काय?" असं तुम्ही दोनदा विचारलंत आणि मी दोन्ही वेळा टाळलं. आई, तुला कंटाळा आला तर मधलं सोड, शेवटी तुझ्यासाठी काम आहे.

दिवाळीत माझ्या लक्षात आलं की दारावरचा कॅमेरा बसवणाऱ्याने राउटरला सरळ एक भोक पाडून ठेवलंय, म्हणजे बाहेरून थेट आत यायची वाट, आणि पासवर्ड कारखान्यातून आला तोच. इंदिरानगरातल्या आपल्या दारात कोण उभं आहे, हे जगात कुणीही बसून पाहू शकलं असतं. ते भोक मी बुजवलं. त्याऐवजी राउटरच्या मागे फायरवॉलचा, म्हणजे आत-बाहेर कुणाला सोडायचं ते ठरवणारा, तो डबा बसवला आणि नाशिकचं घर ते माझा फ्लॅट असा एक बंद बोगदा टाकला, म्हणजे व्हीपीएन. त्यातून मला कॅमेरा दिसतो, आणि रात्री दोन वाजता बाबांच्या कॉम्प्युटरवरच्या सगळ्या फायलींची प्रत पुण्यातल्या डिस्कवर यायला हवी होती. सातबारे, दिंडोरीच्या बागेच्या फवारणीचे हिशेब, आजीच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग, सगळं. ती येत नव्हती.

बाबा, तुम्ही कचेरीत इतकी वर्षं आवक-जावक सांभाळलीत, त्यामुळे हे तुम्हाला माझ्या टीममधल्या पोरांपेक्षा लवकर कळेल. घरातल्या यंत्रांचे पत्ते 192.168 ने सुरू होतात. हे खाजगी पत्ते. असे तीन पट्टे 1994 साली राखून ठेवले गेले. आपापल्या घरात कुणीही वापरावेत, पण बाहेरच्या रस्त्यावर, म्हणजे इंटरनेटवर, ते चालत नाहीत. म्हणून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावरचा (पाकीट म्हणजे माहितीचा एक तुकडा) आतला पत्ता खोडून त्यावर घराचा एकच बाहेरचा पत्ता घालतात, आणि कुणाचं पाकीट कुठल्या पोर्टवरून, म्हणजे कुठल्या खिडकी क्रमांकावरून, गेलं ते वहीत लिहून ठेवतात. उत्तर आलं की वही बघून ज्याचं त्याला. याला नॅट म्हणतात. तुमची जावक वहीच, फक्त इथे काही वेळ पत्रव्यवहार झाला नाही तर नोंदच पुसली जाते. (तुमच्या साहेबांना हे फार आवडलं असतं.)

पहिली अडचण बोगद्याच्या पाकिटांची. ती मोहोरबंद असतात आणि त्यांना पोर्ट क्रमांकच नसतो, मग वहीत लिहायचं काय? त्यावर तोडगा असा की मोहोरबंद पाकीट दुसऱ्या साध्या पाकिटात घालायचं आणि त्यावर 4500 हा पोर्ट टाकायचा. राउटरमधून डब्याकडे मी दोनच पोर्ट वळवलेत, 500 आणि 4500. पुण्यात माझ्या फ्लॅटला तर स्वतःचा बाहेरचा पत्ताच नाही. इंटरनेटची कंपनी अनेक गिऱ्हाइकांना एकाच पत्त्यामागे बसवते. त्यामुळे बोगद्याची हाक नेहमी पुण्याहून जाते, आणि नोंद पुसली जाऊ नये म्हणून दर 20 सेकंदांनी एक नावापुरतं पाकीट निघतं.

दुसरी अडचण, दोन्ही घरांत पत्ते तेच, 192.168.1 चे, मग पाकीट कुठल्या घरचं ते कळणार कसं? मी नाशिकचे 192.168.22 केले, आपल्या पिनकोडच्या 422 मधले 22. त्या भानगडीत प्रिंटर दोन दिवस बेपत्ता झाला आणि आईची भिशीची यादी अडकली. तेव्हाही मी "प्रिंटर जुना झालाय" म्हणून हात झटकले होते. तोही माझाच प्रताप.

आता खरी चूक. डब्यातले नियम वरून खाली वाचले जातात. पहिला लागू पडला की पुढचे कुणी बघत नाही. "बाहेर जाणाऱ्या सगळ्यांचा पत्ता बदल" हा नियम मी वर ठेवला होता आणि "पुण्याच्या घराकडे जाणाऱ्यांचा बदलू नकोस" हा त्याच्याखाली. म्हणजे खालच्याला कधी पाळीच आली नाही. रात्री दोनला प्रत निघायची, पत्ता बदलला जायचा, आणि बदललेल्या पत्त्याला बोगदा ओळखायचा नाही. मग ती पाकिटं उघड्या रस्त्याला लागायची आणि तिथे फेकली जायची. मला मात्र पुण्याहून तुमचा कॉम्प्युटर व्यवस्थित दिसत होता, कारण उत्तरं जुन्या नोंदीवरून परत येतात, त्यांना हे नियम लागत नाहीत. त्यामुळे मी ठरवून मोकळी झाले की बोगदा ठीक आहे, म्हणजे बाबाच डबा बंद करतात. वहीत न बघता माणसावर आळ घेतला.

काल दोन्ही नियमांची अदलाबदल केली, एका मिनिटाचं काम. पहाटे उठून पाहिलं तर सगळं आलेलं होतं. आजीच्या ओव्या लावून चहा घेतला.

आई, तुझं काम: डब्यावर घातलेला क्रोशाचा रुमाल काढ, तो तापतो. आणि बाबा, विजा कडाडायला लागल्या तर तो डबाही बेलाशक बंद करा, मला विचारत बसू नका. एरवी फक्त त्याचा प्लग राहू द्या. दिवाळीत मी त्याला लाल दोरा बांधून ठेवलाय, टीव्हीच्या मागे दिसेल. बाकीचे खुशाल काढा.

तुमची,
मनी